तांबडीची धार

त्या वर्षी पावसानं दोन-तीनदा नुसता शिंपडा मारल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं. ज्वारी गुडघ्याएवढी झाली नि तिथंच खुंटली. विहिरीत बादली सोडली की आधी दगडाचा आवाज यायचा, मग पाण्याचा. अशा दिवसांत घर तगलं होतं ते गोठ्यातल्या चार गाईंवर, आणि गोठा होता थोरलीचा.

थोरली म्हणजे घरची थोरली सून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा दीर अंगणात उघडानागडा पळणारं पोर होता आणि सासू अंथरुणाला खिळलेली. त्याला न्हाऊमाखू घातलं, ताप आला की उशाशी बसली, शेंबूड पुसला, सगळं हिनंच. तिच्या तोंडी तो 'बारक्या'. मिशा फुटल्या तरी बारक्याच. गेल्या साली त्याचं लग्न केलं. पोरगी हिनंच पाहिली, हिनंच पसंत केली, आणि ती उंबरा ओलांडून आत आली त्या दिवसापासून थोरली त्याला 'भावजी' म्हणायला लागली.

"वहिनी, हे काय नवीन?" तो हसला होता.

"आता बायकोवाले झालात तुम्ही. बारक्या कसं म्हणायचं?"

'तुम्ही'वर असा जोर दिला होता की त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं.

धाकटीला नाव ठेवायला जागा नव्हती. लवकर उठायची, उलट बोलायची नाही, कपडे धुताना साबण जास्त झिजवायची नाही. त्याचाच थोरलीला जास्त राग यायचा. एखादं भांडं फोडलं असतं, दूध उतू घातलं असतं, तर बोलायला तरी मिळालं असतं. पण गोठ्यात मात्र तिनं धाकटीला पाय ठेवू दिला नव्हता. शेण काढ, पाणी भर, एवढंच. धारेला बसायचं ते थोरलीनंच.

आणि नेमका हातच दगा द्यायला लागला.

उजव्या हाताचा अंगठा. आधी नुसता सकाळी आखडायचा. मग आचळ मुठीत धरलं की मनगटापासून कोपरापर्यंत कळ जायची. मग कळही जायची बंद झाली आणि बोटं लाकडासारखी व्हायला लागली, आपली असून आपली नसल्यासारखी. थोरलीनं कुणाला सांगितलं नाही. पहाटे चुलीवर हात शेकायची, तेल चोळायची आणि बादली घेऊन गोठ्यात जायची. जिथं पाच दाबांत धार सुटायची तिथं पंधरा लागायला लागले. गाय पान्हा सोडून वाट बघायची, कंटाळायची, पान्हा वर ओढून घ्यायची. बाकीच्या तीन गाई सोसायच्या. तांबडी नाही सोसायची.

तांबडी थोरलीच्याच हातची. वासरू होती तेव्हा थंडीत स्वतःच्या गोधडीत गुंडाळून वाचवलेली. नुकतीच व्यालेली, कास तट्ट भरलेली. गोठ्यातलं निम्मं दूध तिचं एकटीचं. एका सकाळी तिनं पाय उचलला आणि बादलीत घातला. मुद्दाम नव्हे, लाथ नव्हे, नुसता घातला. शेणानं माखलेला खूर भरल्या बादलीत.

"अगं ए रांडे!" थोरली ओरडली आणि तिनं तांबडीच्या पाठीत धपका घातला. मारता मारता तिचाच हात कळवळला.

त्या आठवड्यात दुधाच्या गाडीवाल्यानं मापाकडं बघून ओठ बाहेर काढला. "वहिनी, गाय ताजी व्यालेली ना? मग दूध कुठं मुरतंय?"

"चारा आहे का घालायला? तुझ्या गाडीचं गवत खायला देऊ का तिला?"

"माझी गाडी डिझेल पिते, वहिनी, गवत नाही." तो हसत निघून गेला. दीर तिथंच उभा होता. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे थोरली गोठ्यात आली तर बादली खुंटीवर नव्हती. दीर दारात उभा, मान खाली.

"वहिनी, आज जरा तू विश्रांती घे. हात सुजलाय तुझा, मी बघतोय बरेच दिवस. हिला बसू दे आजच्या दिवस."

"हिला येतं?"

"माहेरी काढायची म्हणते."

थोरली वळली आणि चुलीपुढं जाऊन बसली. गोठा आणि चूल यांच्यामध्ये एक मातीची भिंत, वर हातभर फट. त्या फटीतून सगळं ऐकू यायचं. तांबडीनं एकदा पाय आपटला. धाकटी काहीतरी पुटपुटली. मग रिकाम्या बादलीच्या बुडावर पहिली धार वाजली. सर्र, सर्र. थोरली मनात म्हणाली, आता पान्हा चोरेल. आता पाय उचलेल. धार थांबली नाही. पत्र्याचा आवाज बदलत बदलत जाड झाला, खोल झाला, शेवटी फेसात बुडाला. चुलीवर चहाचं पाणी आटून भांडं करपलं तेव्हा थोरलीला वास आला.

धाकटी बादली दोन्ही हातांनी धरून आली. काठापर्यंत फेस. "ताई, बघा किती सोडलं तिनं! गुणी आहे हो गाय."

"गुणी आहे ती मला माहीत आहे," थोरली म्हणाली. "मीच वाढवलीय."

'आजच्या दिवस' तो आजचा राहिला नाही. उद्याही धाकटीच बसली, परवाही. कुणी थोरलीला सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. बादलीची खुंटी तेवढी बदलली. थोरलीच्या उंचीची होती, आता धाकटीच्या हाताला येईल अशी खाली ठोकली गेली. खिळा ठोकताना दीर बायकोला विचारत होता, "इथं? की अजून खाली?" थोरली अंगणात ज्वारी निवडत होती. सुपातले खडे तिनं असे भिरकावले की कोंबड्या पळाल्या.

तेव्हापासून तिच्या पोटात काहीतरी जळायला लागलं, आणि ते जेवणानं विझत नव्हतं की झोपेनं. धाकटी हसली तर वाटायचं, मला हसली. गप्प बसली तर वाटायचं, मनात हसतेय. दीर संध्याकाळी पाण्याचा ड्रम ओढून आणायचा, घामानं भिजलेला, आणि पहिली हाक आता "वहिनी" अशी नसायची. एकदा त्यानं बायकोच्या तळहाताला पडलेला घट्टा अंगठ्यानं चोळून बघितला. नुसता क्षणभर. थोरलीनं ते दारातून पाहिलं आणि तिचे स्वतःचे हात पदराखाली गेले. त्या हातांवर एवढ्या वर्षांचे घट्टे होते. कुणी चोळून बघितले होते?

तिला स्वतःचीच लाज वाटायची. ज्याचं ढुंगण धुतलं त्याच्या संसारावर जळायचं? पण लाज वाटली म्हणून जळायचं थांबत नव्हतं. उलट लाजेमुळं अजून भडकायचं. धाकटी धारेला बसली की थोरली भिंतीपलीकडून मोठ्यानं म्हणायची, "शेवटची धार नीट काढ, नाहीतर कास दगडासारखी होईल." धाकटी म्हणायची, "काढली, ताई." आणि ती खरंच काढलेली असायची.

चारा संपत आला. दीर लांबून झाडपाला तोडून आणायचा, गाई तो नाक मुरडत खायच्या. तांबडीच्या बरगड्या दिसायला लागल्या, तरी ती धाकटीला दूध द्यायची. तिचं वासरू, अजून पाय लटपटत असलेलं, तिच्या पोटाखाली ढुशा मारायचं.

एका दुपारी दीर पाण्याला गेला होता. थोरली अंगणात सावलीला बसून दोरी वळत होती, म्हणजे वळायचा प्रयत्न करत होती. अंगठा पीळ धरत नव्हता. तेवढ्यात धाकटी शेताकडून आली. डोक्यावर पाटी, चेहरा उन्हानं लाल, आणि डोळे असे चमकलेले की जणू हंडा सापडलाय.

"ताई, ताई, हे बघा!" तिनं पाटी खाली उतरवली. हिरवंगार. त्या करपलेल्या दिवसांत डोळ्याला थंड वाटेल असं हिरवं. "त्या खालच्या कोपऱ्यात, ज्वारी कापली ना आपण, तिच्या बुडख्यांना फूट आलीय. परवाच्या शिडकाव्यानं असेल. कुणाचं लक्षच नव्हतं! घालू ना गाईंना?"

थोरलीनं पाटीकडं पाहिलं. पाण्याच्या ओढीनं खुरटलेल्या ज्वारीचे ते कोंब होते. असले कोंब जनावराला विषासारखे बाधतात. त्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दिराला ठाऊक होतं, म्हणून तर त्या कोपऱ्याला कुणी हात लावला नव्हता. पण धाकटीचं माहेर पाण्याचं, बारमाही गवताचं. तिकडं ज्वारी नव्हतीच. तिला कोण सांगणार? आणि ती तर विचारत होती. सरळ डोळ्यांत बघून विचारत होती.

थोरलीच्या मनात काय आलं ते तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. गाय मरावी असं आलं नव्हतं, एवढं नक्की. एखादी गाय फुगेल, धडपडेल, धाकटीची फजिती होईल, दीर म्हणेल 'वहिनीला विचारायचं होतंस', असं काहीतरी अर्धवट, धुरासारखं आलं. आणि तोंडातून शब्द गेला.

"घाल."

धाकटी पाटी घेऊन धावतच गेली.

थोरली दोरीकडं बघत बसली. गोठ्यातून दाव्यांची ओढाताण ऐकू आली, मग हिरवं तोडून खाण्याचा तो कराकरा आवाज. भुकेलं जनावर खातं तेव्हा त्या आवाजात एक समाधान असतं. थोरलीनं आयुष्यभर तो आवाज कान लावून ऐकला होता. आता तो ऐकला आणि तिच्या हातातली दोरी गळून पडली.

"नको! अगं नको! काढ, काढ ते!"

ती उठली, पडली, पुन्हा उठली. गोठ्यात शिरून तिनं पाटी लाथेनं उडवली. बाकीच्या गाईंपुढचे कोंब दोन्ही हातांनी ओढून काढले, त्यांच्या तोंडातले ओढून काढले. त्यांच्या वाट्याला दोन-चार घासच आले होते. पण धाकटीनं पहिलं वाढलं होतं तांबडीला. भरभरून. तिच्यापुढं काड्याही उरल्या नव्हत्या.

"काय झालं, ताई? काय झालं?"

"फोन लाव. जनावरांच्या डॉक्टरला लाव. पळ!"

धाकटी फोन लावेपर्यंत तांबडी थरथरायला लागली. आधी कातडं, माशी बसल्यासारखं. मग मांड्या. मग तोंड उघडून ती श्वास ओढायला लागली. थोरलीनं तिची मान मांडीवर घेतली. तांबडीनं तिच्याकडं पाहिलं आणि पुढचे पाय दुमडले. डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला कुठंतरी होता, निघतो म्हणाला. दीर आला, ड्रम टाकून धावला. तिघांनी मिळून तिला उभं धरायचा प्रयत्न केला, खांद्यांनी, पाठीनं. एवढं मोठं जनावर. ते हळूहळू त्यांच्या अंगावरून खाली घसरलं. डॉक्टर आला तेव्हा त्याला पेटी उघडावी लागली नाही.

"काय खाल्लं?" त्यानं विचारलं.

दिरानं जमिनीवर विखुरलेले कोंब पाहिले. मग बायकोकडं वळला. त्याचा आवाज कधी चढत नसे. तो चढला.

"हे कुणी कापलं? कुणी सांगितलं तुला कापायला? डोकं आहे का नाही? अख्खी गाय खाल्लीस माझी!"

धाकटी भिंतीला टेकून उभी. ओठ पांढरे. तिनं एकदा थोरलीकडं पाहिलं, आणि मान खाली घातली. म्हणाली, "मी कापलं."

एवढंच.

तांबडीला नेलं. ओढताना तिच्या कासेतून दूध ठिबकत होतं. मातीत एक ओली रेघ राहिली, आणि वासरू ती हुंगत दावं ताणून उभं राहिलं.

दुसऱ्या पहाटे दिरानं बादली थोरलीच्या हातात आणून दिली. "वहिनी, आजपासून तूच बस. मला आता हिच्या हातात गोठा द्यायचा नाही. ती म्हणतेय माहेरी जाते. जाऊ दे चार दिवस."

जे हवं होतं ते सगळं एका बादलीत घालून कुणी आणून द्यावं, तसं झालं. थोरली गोठ्यात गेली. उरलेल्या तिघींतल्या बांडीच्या पोटाशी बसली, कपाळ तिच्या कुशीला टेकलं, आचळ धरलं. बोटं मिटली नाहीत. तिनं डाव्या हातानं उजवा हात दाबला, दातांनी पदर धरला. दोन थेंब. बांडीनं वळून बघितलं. पलीकडं तांबडीची जागा झाडून ठेवलेली, आणि वासरू सगळी रात्र हंबरून घसा बसलेलं. आता आवाज येत नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं.

थोरली रिकामी बादली घेऊन घरात आली. धाकटी कपड्यांची पिशवी भरत होती. दीर उंबऱ्यावर चपला घालत होता.

"ती माझ्याकडं आली होती," थोरली म्हणाली.

"कोण?"

"ही. पाटी घेऊन आली, विचारलं, घालू का. मी म्हणाले, घाल. मला ठाऊक होतं ते काय आहे. ठाऊक असून म्हणाले."

दिराची एक चप्पल पायात, एक हातात. त्याला कळायलाच वेळ लागला. मग त्याचा चेहरा तसा झाला, जसा तो लहानपणी पडला की व्हायचा, रडण्याच्या आधी क्षणभर.

"का गं?" तो म्हणाला. "वहिनी, का?"

"ती धार काढते म्हणून."

हे ऐकायला इतकं क्षुद्र होतं की तिलाच ऐकवेना. पण खरं तेवढंच होतं. दुसरं काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

दीर उठला, चपला तिथंच टाकून अनवाणी शेताकडं निघून गेला.

दोघी राहिल्या. धाकटीचे हात पिशवीत तसेच होते.

"तू का नाही बोललीस काल?" थोरलीनं विचारलं. "त्याला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? काल आलेली सून, जिनं वाढवलं तिचं नाव घेणार. कुणी खरं मानलं असतं?" धाकटीचा आवाज शांत होता, पण त्यात ओलावा नव्हता. "आणि गाय पडली तेव्हाच मला कळलं होतं, ताई. तुम्ही मला एका शब्दात कधीच उत्तर देत नाही. साधं मीठ कुठं आहे विचारलं तरी दहा वाक्यं सुनावता. काल नुसतं 'घाल' म्हणालात. मला तिथंच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आज पहिल्यांदा बरं बोलल्या. मी त्या खुशीतच धावले."

थोरलीला वाटलं, मार खाल्ला असता तर सोपं गेलं असतं.

"मी जाते इथून," ती म्हणाली. "माझ्या भावाकडं. तू राहा. घर तुझं आहे."

"जा," धाकटी म्हणाली. "आणि त्या तीन गाईंचं मी एकटीनं काय करू? बांडी गाभण आहे. मला एक विषारी पाला ओळखता येत नाही. तुम्ही जाल सुटून, आणि मी पुन्हा एक मारेन." मग तिचा बांध फुटला. "मला राग आलाय तुमचा. खूप आलाय. लवकर नाही जाणार. पण तुम्ही गेलात तर राग कुणावर काढू?"

हे ती रडत रडत म्हणाली, आणि म्हटल्यावर दोघींनाही ते ऐकू आलं, आणि धाकटीनं नाक पुसता पुसता पिशवीतले कपडे काढून परत खुंटीवर टाकले.

दीर बरेच दिवस थोरलीशी बोलला नाही. ताट पुढं आलं की जेवायचा, उठायचा. तिनं ते सोसलं. तिच्या वाट्याचं होतं. मग एका संध्याकाळी ड्रम उतरवताना तो कुणाकडंही न बघता म्हणाला, "वहिनी, जरा हात दे." आणि लगेच आठवून, "राहू दे. हिला बोलाव." तिनं हाक मारली.

वासरू मात्र ऐकत नव्हतं. बांडीच्या पोटाखाली जाऊ दिलं तर बांडी लाथ मारायची. बादलीत दूध पुढं केलं तर ते बादलीलाच ढुशा द्यायचं, सांडायचं, उपाशी राहायचं. धाकटी तोंड धरून बुडवायची, ते ठसकायचं, डोळे पांढरे करायचं. ते वाळत चाललं.

"सोड त्याला," थोरली म्हणाली. ती बादलीशी उकिडवी बसली. तिनं उजव्या हाताची दोन बोटं दुधात बुडवली, ती लाकडासारखी बोटं, आणि वासराच्या ओठांना लावली. त्यानं हुंगलं. चाटलं. मग एकदम तोंडात ओढून घेतली. खरखरीत जीभ, गरम टाळू. ते चोखायला लागलं. थोरलीला काही दाबायचं नव्हतं, पिळायचं नव्हतं. बोटं नुसती असायला हवी होती. ती हात हळूहळू खाली नेत गेली, दुधाच्या आत, आणि वासराचं तोंड पाठोपाठ आलं.

"पितंय, ताई," धाकटी कुजबुजली.

"बोलू नकोस. त्याचं ध्यान जाईल."

बांधावरचा कोणता पाला चालतो नि कोणता नाही, ते थोरलीनं तिला हिंडून दाखवलं. धाकटी पुढं चालायची, खुडून विचारायची, "हे?" थोरली दहा वाक्यांत उत्तर द्यायची. धारेला बसणं तिनं सोडलं ते सोडलंच. सुरुवातीला त्या वेळी ती मुद्दाम अंगणाच्या पार टोकाला जाऊन झाडायची, ऐकू येऊ नये म्हणून. जळणं थांबलं नव्हतं. एखाद्या दिवशी धाकटीच्या हातात काठोकाठ बादली दिसली की आत चुरचुरायचंच. पण आता तिला ते आलेलं कळायचं. ती त्याला येऊ द्यायची, बसू द्यायची, आणि त्याच्या सांगण्यावरून काही बोलायची नाही.

बांडी व्यायल्यावरची गोष्ट. एका सकाळी थोरलीचे डोळे उघडले तर खोलीत ऊन आलेलं. ऊन! या घरात आल्यापासून तिनं झोपेतून उठून ऊन पाहिलं नव्हतं. ती धडपडत उठून बसली. गोठ्यात सामसूम. दुधाची गाडी कधीच येऊन गेली होती. कुणी तिला उठवलं नव्हतं. आपल्यावाचून काही अडलं नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि छातीत नेहमीची कळ उठली.

मग तिला जाणवलं की कळ एवढीच आहे. बाकी सगळं अंग हलकं होतं. पाठ दुखत नव्हती. ती झोपली होती, लहान पोरासारखी, तोंड उघडं टाकून. उशीवर लाळेचा डाग होता.

बाहेर धाकटी शेण काढत होती. खोऱ्याचा आवाज चुकत होता, ती फार जोर लावत होती. थोरली ते सांगायला तोंड उघडणार होती. मग तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि कूस बदलली.